विज्ञानमंदिरातील बंड

शिक्षणाचा प्रसार झाला की लशीविषयीची भीती आपोआप ओसरते, ही समजूत आपल्या मनात फार खोलवर रुजलेली आहे. ज्यांची हयात सरकारी कामकाजात गेली त्यांच्या मनात तर ती विशेषच दृढ असते. टोचून घ्यावयास नकार देणारा मनुष्य म्हटला म्हणजे त्यांच्या डोळ्यांपुढे एखाद्या आडवळणाच्या गावचा, देवीच्या कोपाला भिणारा निरक्षर माणूस उभा राहतो. महाविद्यालयात शिकणारा तरुण त्या चित्रात सहसा नसतो. असलाच तर लस घेऊन येणाऱ्या पथकाचा मदतनीस म्हणून असतो. २०२१ साली करोनाच्या साथीत अठरा वर्षांवरील सर्वांस लस खुली झाली, तेव्हा या समजुतीस अनेक ठिकाणी धक्का बसला. लशीसाठी पहाटेपासून रांगेत उभे राहणाऱ्यांत विद्यार्थी होते, तसेच नाना शंका काढून ती लांबणीवर टाकणाऱ्यांतही होते. त्या शंका निरक्षराच्या नव्हत्या. वाचणाऱ्याच्या आणि वाद घालणाऱ्याच्या होत्या.

हा प्रकार नवा मात्र नाही. सुमारे एकशेवीस वर्षांपूर्वी एका राजधानीच्या शहरात लशीच्या कायद्यावरून दंगल उसळली, आणि तिच्या ऐन भरात हातात बंदुका घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर जे चालून गेले ते त्या देशातील सर्वांत सुशिक्षित तरुणांपैकी होते. ज्या संस्थेतून ते बाहेर पडले तिला लोक कौतुकाने ‘विज्ञानाचे मंदिर’ म्हणत. ब्राझीलमधील या घटनेचा वृत्तांत आम्ही येथे थोडा विस्ताराने देणार आहोत. त्याच काळात, त्याच शास्त्राच्या आधाराने मुंबईत जे घडले त्याच्याशी ताडून पाहिल्यावाचून तिचा अर्थ पुरता उलगडत नाही, म्हणून पुढे मुंबईकडेही वळावे लागेल.

विसाव्या शतकाच्या आरंभी रिओ द जानेरो हे ब्राझीलच्या राजधानीचे शहर साथींच्या माहेरघरासारखे झाले होते. पीतज्वर तेथे वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून होता, देवीची साथ वरचेवर उठे, आणि ज्या प्लेगने १८९६ साली मुंबई गाठली तोच १८९९ साली ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरला होता. परदेशी जहाजे रिओच्या धक्क्याला लागण्यास कचरत. १९०२ साली रॉड्रिग्ज आल्व्हिस हे अध्यक्ष झाले, तेव्हा राजधानी स्वच्छ व सुंदर करण्याचा त्यांनी चंग बांधला. नगराधिपती परेरा पासोस यांनी जुन्या वस्त्या पाडून रुंद राजरस्ते काढण्यास प्रारंभ केला. त्या वस्त्यांतील दाटीवाटीच्या चाळींत राहणारी हजारो गरीब माणसे बेघर झाली आणि टेकड्यांवर झोपड्या बांधून राहू लागली. आरोग्यखात्याची सूत्रे १९०३ साली डॉ. ऑस्वाल्डो क्रूझ या तिशीतील तरुणाकडे सोपविण्यात आली. क्रूझ हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जंतुशास्त्र शिकून आले होते. त्यांनी डासांच्या नाशासाठी पथके नेमली, आणि प्लेग हटविण्यासाठी मेलेले उंदीर नगास दाम देऊन विकत घेण्याची व्यवस्था केली. परिणामी काही चतुर नागरिकांनी घरी उंदीर पाळण्याचा धंदा सुरू केला, अशी हकीकत सांगतात. पथके घरोघर शिरत, कौले उचलून पाहत, सामान रस्त्यावर काढत. क्रूझ यांचे शास्त्र बिनचूक होते. परंतु ते लोकांच्या दारी आले ते पोलिसांच्या सोबतीने.

अशा वातावरणात ३१ ऑक्टोबर १९०४ रोजी देवीची लस सक्तीची करणारा कायदा मंजूर झाला. लहान मुलांना लस टोचण्याची सक्ती कागदोपत्री पूर्वीपासून होती, पण तिची अंमलबजावणी कोणी मनावर घेतली नव्हती. या खेपेस सरकारचा निश्चय पक्का दिसत होता. ९ नोव्हेंबरला एका वृत्तपत्राने नियमांचा मसुदा छापून टाकला, आणि शहरास त्याची व्याप्ती कळली. शाळेत नाव घालावयाचे असो, नोकरी धरावयाची असो, प्रवासास निघावयाचे असो, खाणावळीत उतरावयाचे असो की लग्न करावयाचे असो, लस टोचल्याचा दाखला दाखविल्यावाचून गत्यंतर राहणार नव्हते. परक्या पुरुषाने घरातील स्त्रियांचे दंड उघडे करून टोचावयाचे, या कल्पनेनेच कित्येक कुटुंबप्रमुखांचा संताप झाला, आणि अफवेने दंडावरून मांडीपर्यंत मजल मारली.

विरोधाची संघटना आधीच उभी राहिली होती. ५ नोव्हेंबर रोजी कामगारांच्या एका केंद्रात सक्तीच्या लशीविरुद्ध संघ स्थापन झाला. सेनेट-सदस्य लाउरो सोद्रे आणि कामगार पुढारी व्हिसेंते द सौझा हे त्याचे धुरीण होते. मसुदा प्रसिद्ध होताच दुसऱ्या दिवसापासून शहराच्या मध्यवर्ती भागात विद्यार्थ्यांचे घोळके भाषणे करू लागले. पोलिसांनी धरपकड केली, तेव्हा दगड पडले; आणि दोन-तीन दिवसांत भाषणांची जागा अडथळ्यांनी घेतली. ट्रामगाड्या उलथून जाळल्या गेल्या, रस्त्यांवरील दिवे फुटले, बंदरालगतच्या साऊदे भागात लोकांनी भक्कम मोर्चेबंदी उभारली. त्या वेळी अतिपूर्वेत रशिया व जपान यांचे युद्ध जुंपले होते, म्हणून या मोर्चाला लोकांनी ‘पोर्ट आर्थर’ असे नाव दिले. प्राता प्रेता या टोपणनावाचा एक कृष्णवर्णी कष्टकरी तेथील म्होरक्या होता.

प्राइया व्हर्मेल्या या समुद्रकिनाऱ्यावरील सैनिकी महाविद्यालयाने १४ नोव्हेंबरच्या रात्री या दंगलीत उडी घेतली. हे महाविद्यालय नावापुरतेच सैनिकी होते. तेथे कवायतीपेक्षा गणित, पदार्थविज्ञान आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास अधिक होई, आणि विद्यार्थी पदव्या घेत त्या गणिताच्या व भौतिक शास्त्रांच्या. ऑगुस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या विचारांचा या संस्थेवर मोठा पगडा होता. बेंजामिन कोन्स्तां या गणिताच्या अध्यापकाने तो पंथ तेथे रुजविला होता, आणि १८८९ साली राजसत्ता उलथून प्रजासत्ताक आणण्यात या महाविद्यालयातील तरुणांनी हिरिरीने भाग घेतला होता. ब्राझीलच्या ध्वजावर आजही ‘सुव्यवस्था आणि प्रगती’ अशी जी अक्षरे आहेत ती कोंतच्याच शिकवणुकीतून आलेली आहेत. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी शास्त्राच्या एका सिद्ध उपायाविरुद्ध शस्त्र उचलावे, हे वरवर पाहता न सुटणारे कोडे वाटते.

त्यांच्या बाजूने पाहिले म्हणजे ते कोडे बरेच सुटते. कोंतच्या अनुयायांचे म्हणणे असे, की राज्यसत्ता आणि विचारसत्ता या दोन्ही अलग राहिल्या पाहिजेत. शासनाने रस्ते बांधावे, शांतता राखावी. परंतु एखादे शास्त्रीय मत खरे ठरवून ते राजदंडाच्या बळावर नागरिकाच्या शरीरात घालण्याचा अधिकार त्याला नाही. त्यांच्यातील कट्टर मंडळींना जंतूंचा सिद्धांतही मान्य नव्हता. पण ज्यांना तो मान्य होता त्यांनाही सक्ती ही जुलमाची पहिली पायरी वाटे. नामांकित विधिज्ञ रुई बार्बोझा हे काही कोंतपंथी नव्हते, तरीही त्यांनी सेनेटमध्ये असाच युक्तिवाद केला होता: ज्या द्रव्यापासून आपल्याला अपाय होईल असे नागरिकास प्रामाणिकपणे वाटते, ते त्याच्या रक्तात बळाने मिसळण्याचा हक्क कोणत्याही कायद्याला असू शकत नाही. या सर्व मंडळींची लशीविषयीची माहिती कमी होती असे म्हणता येत नाही. त्यांनी जे वाचले होते त्यानेच त्यांना नकाराची भाषा पुरविली होती. खेड्यातला मनुष्य ‘देवी कोपेल’ म्हणून हात मागे घेतो. या तरुणांनी स्वातंत्र्याचे नाव घेऊन हात मागे घेतला. शिक्षणाने त्यांचा संशय नाहीसा झाला नाही. त्याला केवळ प्रतिष्ठा आली.

अर्थात या बंडात राजकारणही पुरेपूर होते. लाउरो सोद्रे आणि त्यांचे सहकारी सरकार उलथण्याचा बेत आधीपासूनच आखीत होते. लशीने त्यांना निमित्त दिले. त्या रात्री जनरल त्राव्हासोस यांनी महाविद्यालयाचा ताबा घेतला, आणि सुमारे तीनशे विद्यार्थी अध्यक्षांच्या कातेते प्रासादाच्या दिशेने निघाले. बोताफोगो भागातील एका रस्त्यावर सरकारी सैन्याशी त्यांची गाठ पडली. दंगलीत दिवे फुटलेले असल्याने गडद अंधार होता. दोन्ही बाजूंनी अंदाजानेच गोळ्या झाडल्या, आणि थोड्याच वेळात दोन्ही पक्षांनी पाय काढला. त्राव्हासोस यांना प्राणघातक जखम झाली, सोद्रेही जखमी झाले. अध्यक्षांस सल्लागारांनी युद्धनौकेवर आश्रय घेण्यास सुचविले. त्यांनी ते मानले नाही आणि ते प्रासादातच राहिले. सकाळी विद्यार्थ्यांनी शरणागती पत्करली. शहराच्या दुसऱ्या टोकास रेआलेंगो येथील सैनिकी शाळेतही बंडाचा प्रयत्न झाला होता, पण तेथील प्रमुख एर्मेस द फॉन्सेका यांनी तो जागच्या जागी मोडला. हेच गृहस्थ पुढे १९१० साली ब्राझीलचे अध्यक्ष झाले.

१६ नोव्हेंबरला सरकारने आणीबाणी पुकारली, आणि त्याच वेळी लशीची सक्ती तहकूब केली. सुमारे तीस माणसे प्राणास मुकली होती, शंभरांहून अधिक जखमी झाली होती. यानंतर जे घडले ते आम्हांस बंडाहूनही अधिक विचारात घेण्याजोगे वाटते. नऊशेहून अधिक लोकांना धरून बंदरातील सर्पद्वीपावर कोंडण्यात आले, आणि त्यांपैकी साडेचारशेहून अधिक गोरगरिबांना खटल्यावाचून जहाजांच्या तळघरात घालून दूर पश्चिमेकडील आक्रे प्रांताच्या अरण्यात पाठविण्यात आले. प्राता प्रेता त्यांतच होता. सैनिकी महाविद्यालय बंद झाले आणि विद्यार्थ्यांची नावे कमी करण्यात आली. परंतु १९०५ साली त्यांना माफी मिळाली. कोंतचे ग्रंथ वाचणाऱ्यांना परतीची वाट मिळाली, बंदरावर ओझी वाहणाऱ्यांना अरण्य मिळाले.

ऑस्वाल्डो क्रूझ ज्या पाश्चर संस्थेत शिकले तेथेच त्यांच्या काही वर्षे आधी वाल्डेमार हाफकिन काम करीत होते. हाफकिन यांचे विद्यार्थिजीवन आमच्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. रशियातील ओडेसा विद्यापीठात शिकत असता झारच्या सत्तेविरुद्धच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला, ज्यू वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत ते होते, आणि त्यापायी त्यांना अटक भोगावी लागली व विद्यापीठातूनही काही काळ बाहेर पडावे लागले. म्हणजे प्राइया व्हर्मेल्याचे तरुण ज्या मनोवृत्तीचे होते, तिची ओळख त्यांना स्वानुभवाने होती.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे, आणि शिक्षण मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातले. त्याच महाविद्यालयात ऑक्टोबरमध्ये हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी एक खोली आणि तिच्यालगतची ओसरी देण्यात आली. माणसे तुटपुंजी आणि काम जीवघेणे. एका सहाय्यकाचे मन खचले, दोघे सोडून गेले. तरी तीन महिन्यांत लस तयार झाली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे इतरांना दिली त्याहून मोठी मात्रा त्यांनी स्वतःवर घेतली, ताप व वेदना सोसल्या, आणि मगच इतरांना बोलावणे केले. जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील बंदिवानांपैकी पुढे आलेल्यांना लस देण्यात आली. टोचून घेतलेल्या सुमारे दीडशे जणांत दोघांना प्लेग झाला, एकही दगावला नाही. न घेतलेल्या पावणेदोनशेंच्या आसपास लोकांत बाराजणांना झाला, आणि सहा दगावले. बंदिवानाची संमती ती कितपत मोकळी, हा प्रश्न आज आपण विचारू, आणि तो विचारणे रास्तही आहे. परंतु त्या काळच्या मानाने नकार देणाऱ्यास नकार देता आला, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे बडोद्याजवळील उंढेरा गावात १८९८ साली घरटी अर्ध्या माणसांना लस देऊन फळ ताडून पाहण्यात आले. लस घेतलेल्या ५१३ जणांत तीन मृत्यू झाले, न घेतलेल्या ४३७ जणांत सव्वीस. त्याच वर्षी हुबळीस सुमारे अडतीस हजार लोकांनी टोचून घेतले. मुंबईत आगाखान यांनी आपला बंगला लशीच्या कामासाठी मोकळा केला आणि अनुयायांसमक्ष स्वतः टोचून घेतले. व्हिएगस यांनी तर हजारो लोकांना स्वहस्ते लस दिली. सरकारचे धोरण लस ऐच्छिक ठेवण्याचे होते. मात्र टोचल्याचा दाखला असणाऱ्यास विलगीकरणाच्या छावणीतून सूट मिळे, आणि ही सूट पुष्कळांना लशीकडे ओढून घेई. सक्ती आणि संमती यांच्यामधील ही मधली वाट होती. तिच्यात आडून येणारा दाब नव्हता असे नाही.

याच वर्षांत पुण्यात जे घडले ते महाराष्ट्रास ठाऊकच आहे. तेथे लशीची सक्ती झाली नाही, घरझडतीची झाली. १८९७ च्या मार्चपासून रँड साहेबांच्या अमलाखाली गोऱ्या शिपायांनी माजघरे आणि देवघरे धुंडाळली, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेग खोटा आहे असे पुण्याच्या सुशिक्षितांना वाटत नव्हते. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता. रोष होता तो उपायाच्या हेतूवर नव्हे, उंबरठा ओलांडण्याच्या रीतीवर. रिओत हीच रीत लशीबरोबर आली, म्हणून लस बदनाम झाली.

ऐच्छिक मार्ग नेहमी सुखाचा असतो, असाही निष्कर्ष कोणी काढू नये. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्वजण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. दोष प्रयोगशाळेचा की बाटली उघडणाऱ्याच्या चिमट्याचा, या वादात हाफकिन यांना कामावरून दूर व्हावे लागले. रोनल्ड रॉस प्रभृती शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे त्यांच्यावरील किटाळ दूर झाले. विश्वास थेंबाथेंबाने साठतो आणि एका बाटलीने सांडतो. त्यामुळे चूक झाल्यास ती उघड सांगण्याची जबाबदारी ऐच्छिक मार्गाने जाणाऱ्यावर अधिकच पडते.

रिओतील सक्ती मागे घेतली गेली, पण देवीची साथ काही तहकूब झाली नाही. १९०८ साली ती पुन्हा उसळली आणि सहा हजारांहून अधिक माणसे घेऊन गेली. त्या वेळी लोकांनी आपण होऊन लशीसाठी धाव घेतली. चार वर्षांपूर्वी जे हुकमाने झाले नाही ते मृत्यूने करून दाखविले. मात्र त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांत १९०४ साली वाड्यावर चालून गेलेले तरुण फारसे नसणार, चाळींतील व टेकड्यांवरील मुलेबाळेच अधिक असणार. तत्त्वासाठी घेतलेला नकार कोणाच्या अंगावर फुटतो, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी मांडला नाही. आणि हुकमाने दिलेले औषध कोणाच्या घशाखाली उतरत नाही, याचा सरकारने मांडला नाही. ब्राझीलमधून देवी १९७१ साली आणि भारतातून १९७५ साली नाहीशी झाली. लशीविषयीचा शास्त्राचा निर्णय बरोबर होता, याबद्दल आता कोणासही शंका उरलेली नाही. चुकले होते ते तिला लोकांपर्यंत नेण्याचे धोरण.

१९०४ सालच्या दाखल्याची आठवण आपल्या पिढीलाही निराळ्या रूपात झाली. मुंबईच्या लोकलगाडीत बसण्यासाठी ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही मात्रा घेतल्याचा पुरावा लागू लागला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निवाडा दिला. कोणावरही लस घेण्याची बळजबरी करता येणार नाही. तथापि सार्वजनिक हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकार अबाधित आहे. आणि लशीपासून झालेल्या अपायांची माहिती लोकांपुढे खुली ठेवली पाहिजे, असा त्याचा आशय होता. रुई बार्बोझा यांचा आक्षेप आणि मुलकोवालचा धडा या दोहोंनाही त्यात जागा मिळाली, असे आम्हांस वाटते.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांस परप्रांती, परभाषेच्या मुलखात, साथीच्या दिवसांत अशा हुकमांवर सही करावी लागली असेल, आणि पुढेही लागेल. समोर महाविद्यालयातील तरुण उभा राहून प्रश्न विचारू लागला म्हणजे त्यास आडमुठा ठरविण्याचा मोह होतो. आणि हा शिकलेला आहे, याला काय सांगावयाचे, असे म्हणून त्याला वगळण्याचा मोह त्याहून मोठा असतो. तो अडला असेल तर त्याला माहितीपत्रकाची दुसरी प्रत नको असते. ही लस देणाऱ्याने स्वतः घेतली आहे काय, काही बिघडले तर ते आम्हांस सांगितले जाईल काय, आणि ‘नाही’ म्हटल्यास माझे काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला हवी असतात. ओडेसात कधीकाळी अटक भोगलेल्या हाफकिननी ग्रँट महाविद्यालयाच्या ओसरीवर त्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शरीराने दिले होते. उरलेल्या दोहोंचे उत्तर देण्याचे काम शास्त्रज्ञाचे नसून कारभाऱ्याचे आहे. आणि रिओच्या कारभाऱ्यांनी ते १९०४ च्या नोव्हेंबरापूर्वी केले नव्हते.